दोनला नाही

स्लेट हिल रोड
सोमवार, २ एप्रिल १९७९

मेरिट,

वर ‘प्रिय’ लिहिणार होते, पण शाई महाग झाली आहे.

आपण सहा वर्षं बोलत नाही, आणि आजही बोलत नाही आहोत. हे पत्र आहे. तुझ्या दारापासून माझं दार ऐंशी पावलं. तरी हे पत्र आधी टपालवाल्या फ्लॉइडच्या गाडीतून गावात जाईल, तिथून आल्बनीला, तिथं शिक्का खाऊन परत गावात, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या पेटीत पडेल. आपल्या बोलण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे.

विषय तुझ्या पाट्या. काल रविवारी चर्चला जाताना मोजल्या. चौरस्त्यापासून पुलापर्यंत अकरा. जाड प्लायवुड, पांढरा रंग, त्यावर काळ्या अक्षरांत ‘दोनला नाही!’ अक्षर तुझंच. शाळेत असल्यापासून तू ‘न’चं पोट इतकं फुगवतोस की अक्षराला दिवस गेल्यासारखं दिसतं.

नऊ मेला मतदान. एक नंबरचा प्रश्न शाळेचं वर्षाचं बजेट. दोन नंबरचा प्रश्न दोन नव्या बस. एकवर तुझ्या करदाते संघाचं काही म्हणणं नाही, कारण एकमध्ये फुटबॉल आहे आणि तुमच्या संघातले निम्मे म्हातारे शुक्रवारी रात्री त्याच बाकांवर बसून रेफ्रीच्या आईचा उद्धार करत असतात. मग कापायचं काय? बस. बसला कुणी टाळ्या वाजवत नाही ना.

माझी नऊ नंबरची बस चौदा वर्षांची आहे. चौदा हिवाळे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठात बुडून निघालीय. तीन वर्षांत तीनदा हा प्रश्न मतदानाला आला आणि तीनदा तुम्ही पाडला. मी एकोणीस वर्षं बस चालवते आणि टेकडीवरची एकतीस पोरं रोज दोनदा माझ्या पाठीशी बसतात. त्यांना मत नाही. तुला आहे. म्हणून लिहिते आहे.

पाट्या काढ.

व्हर्ना एम्पी
(माहेरची बोर्स्ट, आता त्याचा उपयोग काय म्हणा)

*

शुक्रवार, ६ एप्रिल

बाईसाहेब,

पत्र मिळालं. फ्लॉइडनं ते गाडीतून देताना म्हटलं, “मेरिट, हे बहुधा गरम आहे, चिमट्यानं धर.” सरकारी नोकर आहे, पाकिटाबाहेरून मजकूर वाचायचं शिक्षण त्यांना मिळत असावं.

पाट्या काढणार नाही. माझ्या जमिनीवर आहेत, नाहीतर ज्यांनी मला विचारून घेतल्या त्यांच्या जमिनीवर.

तू पोरं मोजतेस, तशी मी घरं मोजतो. आपल्या रस्त्यावर सतरा घरं. त्यांतल्या नऊ घरांत शाळेत जाणारं कुणी नाही. दोन वर्षांपूर्वी कर ठरवणारा कुणीतरी शहरातून मोजपट्टी घेऊन आला, माझ्या रिकाम्या गोठ्यात उभा राहिला, आणि म्हणाला की हा गोठा आता दुप्पट मोलाचा आहे. गाई विकल्यावर गोठ्याचं मोल वाढतं हे गणित मला त्याच शाळेनं शिकवलं नव्हतं. माझे दोन्ही मुलगे त्या शाळेत शिकले, शहाणे झाले, आणि शहाणे झाल्याबरोबर टेक्सासला गेले. शाळेची करपट्टी मात्र इथंच राहिली.

बस जुनी आहे म्हणतेस. माझा ट्रॅक्टर एकोणीसशे एक्कावन्नचा आहे. चालतो. कारण मी त्याला तेल घालतो, मत मागत नाही.

आणि एकतीस गरीब पोरांबद्दल. वीस मार्चला माझ्या फाटकासमोर चिखलात एक बूट सापडला. पोरीचा, लाल, रबरी, डाव्या पायाचा, जवळजवळ नवा. तुझी बस नुकतीच गेली होती. खिडकीतून चांगले बूट फेकण्याइतकी सुबत्ता आहे या पोरांकडे! आपण बहीण-भाऊ एक जोडी दोघांत वापरत होतो. बूट मी कुंपणाच्या खांबावर उलटा अडकवून ठेवलाय. अजून कुणी मागायला आलेलं नाही. ज्याला बुटाची किंमत नाही त्याला बसची काय असणार?

ता. क. चौरस्त्यावरच्या दोन पाट्या चोरीला गेल्या आहेत. तुला काही माहीत असेल तर करदाते संघाला कळव.

मेरिट बोर्स्ट

*

बुधवार, ११ एप्रिल

मेरिट,

बूट खांबावरून काढ आणि माझ्या टपालपेटीवर ठेव. मी ज्याचा त्याला पोचवते. त्यावर निबंध लिहायची गरज नाही.

पोरांनी तो फेकलेला नाही. एवढं मी सांगते, तेवढ्यावर विश्वास ठेव. ठेवणार नाहीस, माहीत आहे.

तुझ्या पाट्यांचं मला काय विचारतोस? मी काय पाट्यांची राखण करते? मात्र प्लायवुड फार चांगलं वापरलंस. पाऊण इंची, पावसात टिकणारं. करदात्यांकडे पैसे नाहीत असं कोण म्हणतं?

ट्रॅक्टरवरून आठवलं. तुझ्या ट्रॅक्टरवर तू एकटा बसतोस. उलटला तर एक म्हातारा जाईल आणि चर्चमध्ये हॅम, बटाटे आणि रुबार्ब पायचं जेवण होईल. माझ्या बसचं तसं नाही.

बूट ठेव पेटीवर.

व्हर्ना

*

शुक्रवार, २७ एप्रिल

व्हर्ना,

बूट पेटीवर ठेवला नाही, कारण काल मला तो लागणार होता.

बजेटच्या सभेत शाळेच्या जिममध्ये तू मागच्या दाराशी उभी होतीस, तेव्हा सगळं पाहिलंसच. तरी कागदावर असावं म्हणून लिहितो. अधीक्षक हॅलेट यांनी तासभर तक्ते दाखवले. मग गावकऱ्यांनी बोलायचं, माणशी तीन मिनिटं. मी दीड मिनिटात आटपलं. कोटाच्या खिशातून बूट काढला, वर धरला आणि म्हणालो, “मंडळी, हा नऊ नंबरच्या खिडकीतून माझ्या दारात पडला. जवळजवळ नवा आहे. महिना झाला, खांबावर लटकतोय, न्यायला कुणी फिरकत नाही. आणि हे म्हणतात, आमच्याकडे कमी आहे!” आधी हशा आणि मग टाळ्या. मला एवढ्या टाळ्या लग्नातही पडल्या नव्हत्या.

हॅलेट साहेबांचा चेहरा उतरला, ते समजू शकतो. मला समजलं नाही ते तुझं. तू हात वर केलास. अध्यक्षीणबाईंनी तुझं नाव घेतलं. आणि तू हॅलेटकडे बघितलंस, त्यांनी मान हलवली, आणि तू हात खाली घेतलास. आईच्या मयताच्या जेवणात पन्नास माणसांसमोर माझ्या अंगावर ताट भिरकावणारी बाई काल मूग गिळून बसली. का?

बहुधा उत्तर नसावं म्हणून.

बूट परत खांबावर लावलाय.

मेरिट

*

गुरुवार, १० मे

मेरिट बोर्स्ट यांस,

अभिनंदन. एक नंबर मंजूर. फुटबॉल सुखरूप. दोन नंबरला ‘हो’ म्हणणारे तीनशे सत्तावीस, ‘नाही’ म्हणणारे तीनशे पन्नास. तेवीस मतांनी पडला. काल रात्री मोजणी झाल्यावर एलाइझा शाफर मला म्हणाली, “अगं, मी देणारच होते गं ‘हो’. पण तो बूट डोळ्यासमोरून जाईना.” अशा आणखी बावीस एलाइझा शोधायला मला फार चालावं लागणार नाही. त्या बुटावर तू जिंकलास.

आता त्या बुटाबद्दल ऐक. उभा असशील तर बस.

नऊ नंबरच्या उजव्या मागच्या चाकावर एक बाक आहे. त्याखालचा तळ मिठानं खाल्लेला होता. वरून रबराची चटई, म्हणून दिसत नव्हतं. वीस मार्चला सकाळी तुझ्या फाटकासमोर बस खड्ड्यात आदळली आणि त्या बाकावरच्या मुलीचा पाय तळातून खाली गेला. घोट्यापर्यंत. खाली चाक फिरत होतं. शेजारच्या पोरीनं तिला काखेत धरून ओढलं. पाऊल वर आलं. बूट आला नाही.

म्हणजे खिडकीतून नाही, मेरिट. तळातून.

मुलीचं नाव लॉरी कोझलो, पहिलीत आहे. हो, त्याच कोझलोंची, ज्यांच्या कालवडीनं तुझं कुंपण मोडलं म्हणून तू शेरीफला फोन केला होतास. तुझी नात असती तर बरं झालं असतं, नाही? गोष्ट किती सोपी झाली असती! तू रडला असतास, मी रडले असते, फ्लॉइड रडला असता. पण ती तुझी कुणी नाही, तुझ्या मनाला घोर लावायला तिच्याकडे नातंसुद्धा नाही. फक्त पाय आहे.

न्यायला कुणी फिरकत नाही म्हणालास. ती बूट रोज बघते. रोज दोनदा बस तुझ्या कुंपणावरून जाते आणि ती काचेला नाक लावून म्हणते, “मिसेस एम्पी, तो माझा बूट.” मी म्हणते, “हो गं, थांब जरा.” तिची आई हातमोज्यांच्या कारखान्यात पाळ्या करते, मोसम संपताना दुसरी जोडी घेणं तिला जमलं नाही. सगळा एप्रिल ती पोर ब्रेडच्या पिशव्या मोज्यांवर चढवून कॅनव्हासच्या बुटांत चिखल तुडवत आली. आणि तू तिचा बूट हातात धरून टाळ्या मिळवल्यास.

मी का बोलले नाही? कारण गॅरेजमधला ऑरिन म्हणाला, तपासनिसाच्या कानावर गेलं तर गाडी त्याच दिवशी बंद, आणि बदली गाडी नाही. हॅलेट साहेब म्हणाले, मतदानापर्यंत कळ काढा, लोक बिथरतील. मी हिशेब केला, सात आठवडे. सात आठवडे जमेल.

आणि पाट्यांचंही सांगून टाकते. त्या चोरीला गेलेल्या नाहीत. ऑरिननं पत्रा मागितला तर शाळा-मंडळाकडून उत्तर आलं, बजेट मंजूर झाल्यावर बघू. म्हणून मीच चौरस्त्यावरून तुझ्या दोन पाट्या उपटून आणल्या, एकावर एक ठेवल्या आणि बोल्ट मारून त्या भोकावर बसवल्या. वरची उताणी आहे. लॉरी नुकतीच अक्षरं जुळवायला शिकली आहे. पायाखालची पाटी तिनं स्वतः वाचली. माझ्या माहितीत तिनं शाळेबाहेर वाचलेले हे पहिले शब्द. वाचून मला विचारलं, “मिसेस एम्पी, दोन कोण आहे? त्याला नाही का म्हणायचं?”

तू सांग तिला. 

व्हर्ना

*

सोमवार, १४ मे

व्हर्ना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला राग माझा आला. दुसऱ्यांदा तुझा. तिसऱ्या वेळेपर्यंत तुझाच उरला होता.

तू दोन महिने भोकावरून गाडी चालवलीस? एकतीस पोरं घेऊन? माझ्या पाटीवर भरवसा ठेवून? आणि शहाणपणा शिकवायला मला पत्रं लिहितेस! मी चुकीचं बोललो, पण मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. मी बूट वर धरला तेव्हा तू हात वर केलेला होतास. एक वाक्य बोलायचं होतं. ‘बूट तळातून पडला’ म्हणाली असतीस, तर त्याच हॉलमध्ये माझी अब्रू गेली असती आणि तुझ्या बस आल्या असत्या. स्वस्तात सौदा होता. पण हॅलेटनं मान हलवली आणि तू हात खाली घेतलास. माझ्यापुढे कधी मान तुकवली नाहीस, आणि टाय लावलेल्या माणसानं नुसती मानेनं खूण केली तर गप्प!

मला करदात्यांचा राक्षस म्हणतेस. ठीक. एक गोष्ट सांगतो, ती मी कुणाला सांगितलेली नाही. मेपलची राई मी हौसेनं विकली नाही. आईच्या मयताच्या दिवशी परक्या माणसाकडून तुला ते कळलं, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. बरोबर आहे. बापाच्या हातची झाडं होती. पण त्या हिवाळ्यात दुधाचा भाव पडला होता आणि शाळेची पट्टी दोन वर्षं थकली होती. थकबाकीदारांची नावं वर्तमानपत्रात छापणार होते. आई अंथरुणावर होती आणि रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत होती. मी राई विकली, नाव छापून येऊ दिलं नाही. आई गेली ती काही न कळता. तुला सांगितलं असतं तर तू तिच्या उशाशी बसून ओरडली असतीस.

म्हणून मी पाट्या रंगवतो. मला पोरांचा राग नाही.

भोक मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही. आणि माझ्या पाट्या मला परत हव्यात.

मेरिट

*

मंगळवार, २२ मे

मेरिट,

पाट्या मिळणार नाहीत. जप्त झाल्या आहेत.

तुझं पत्र आलं त्या रात्री जेवण गेलं नाही. तू बरोबर होतास, आणि तू बरोबर असलास की मला पित्त होतं. दुसऱ्या दिवशी पोरं सोडली आणि शाळेच्या ऑफिसात न जाता चौरस्त्यावरच्या फोनवरून मी स्वतः राज्याच्या वाहन तपासनिसाला फोन केला. शुक्रवारी तो आला. पन्नाशीचा, शांत माणूस. बसखाली झोपला, बॅटरी मारली, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर त्यानं मला फक्त विचारलं, “बाई, हे कधीपासून?” मी तारीख सांगितली. त्यानं लिहून घेतली.

गाडीवर लाल चिकटपट्टी लागली. मला हॅलेट साहेबांनी बोलावून उरलेल्या वर्षासाठी घरी बसवलं. कारण : माहिती दडवणं. दडवायला सांगणारे साहेब त्याच खुर्चीत आहेत, आणि त्यांनी घरी बसवण्याचं पत्र मला उभ्यानं वाचून दाखवलं.

तपासनिसाचा अहवाल मी मागून घेतला. त्यातलं एक वाक्य तुझ्यासाठी उतरवते : ‘तळातील सुमारे सव्वा फूट बाय एक फुटाचे छिद्र दोन लाकडी प्रचारफलकांनी झाकलेले आढळले, फलकांवरील मजकूर : दोनला नाही.’ सरकारदफ्तरी तुझ्या अक्षराची नोंद झाली, मेरिट. बापाला अभिमान वाटला असता.

टेकडीची पोरं आता सहा नंबरमध्ये कोंबतात. एका बाकावर चौघं, दोन फेऱ्या. पहिल्या फेरीची पोरं पहाटे सहाला रस्त्यावर उभी असतात. लॉरी पहिल्या फेरीत आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. एवढंच काम उरलंय मला.

मंडळानं दोन नंबर पुन्हा मतदानाला ठेवलाय, तेरा जूनला. आणि करदाते संघानं काल शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमध्ये ठराव केला म्हणे, की हे सगळं प्रकरण मतांसाठी रचलेलं नाटक आहे, भोक मुद्दाम पाडलं. अध्यक्ष तूच ना? तू त्या खोलीत होतास का? काय म्हणालास? की तुझ्याकडेही बघून कुणी मान हलवली?

राईचं मला माहीत नव्हतं. सांगायला हवं होतंस. मी ओरडले असते हे खरं. ओरडून झाल्यावर माझं अंड्यांच्या पैशांचं डबोलं आणून तुझ्यापुढे आदळलं असतं, तेही खरं. सहा वर्षं तू मला तुझा राग करायला लावलास आणि आता म्हणतोस कारण चुकीचं होतं. ह्याचाही मला राग आलाय. हा नवीन आहे, जुन्यात धरू नकोस.

गाडी गॅरेजच्या मागे उभी आहे. ऑरिन सातपर्यंत असतो. डोळ्यांनीच बघायचं असेल तर जा.

व्हर्ना

*

बुधवार, १३ जून, सकाळ

व्हर्ना,

या पाकिटावर तिकीट नाही. पोस्टात टाकलं असतं तर तुला परवा मिळालं असतं आणि मतदान आज आहे. पेटीत ठेवून जातो आहे. दार उघडू नकोस. मी बोलायला आलेलो नाही.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी गॅरेजला गेलो. ऑरिननं दिवा धरला. मी बसखाली शिरलो. या वयात शिरणं सोपं, निघणं अवघड. खालून पाहिलं. मग आत जाऊन त्या बाकावर बसलो. माझे गुडघे पुढच्या बाकाला लागले. त्या बाकाचं माप माझ्यासाठी नाही. खाली वाकून भोकात हात घातला. खांद्यापर्यंत गेला. बोटं टायरला लागली.

पाट्यांच्या जागी चार बोल्टांची भोकं राहिली आहेत. काम चांगलं केलं होतंस.

ग्रेंजच्या हॉलमध्ये मी होतो. ठराव झाला तेव्हा काही बोललो नाही. त्याबद्दल तू जे लिहिलंस ते लागलं. मागच्या गुरुवारी पुन्हा बैठक झाली. मी म्हणालो, भोक खरं आहे, मी हात घातलाय. वॉल्टर डेनिस म्हणाला, “मेरिट, म्हातारपणी बहिणीनं दावं बांधलं वाटतं तुला.” मी म्हणालो, “वॉल्टर, सहा वर्षं मी तिच्याशी बोललेलो नाही आणि तू रोज बोलतोस. दावं कुणाला आहे ते बघ.” मग अध्यक्षपदाची चावी टेबलावर ठेवली आणि निघालो. चावी कॉफीच्या कपाटाची आहे, दुसरं काही त्या पदाला नव्हतंच.

उरलेल्या नऊ पाट्या काल उतरवल्या. आठ सरपणात टाकल्या. एक उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला रंगवली आणि पहाटे चौरस्त्यावर ठोकली. खाली खिळ्याला बूट लटकवलाय. मजकूर असा :

‘हा बूट खिडकीतून फेकलेला नाही. बसच्या तळातून पडला. मी सगळ्यांसमोर खोटं सांगितलं. माहीत नव्हतं, आणि विचारलंही नाही. मेरिट बोर्स्ट, स्लेट हिल रोड.’

मत काय द्या ते लिहिलेलं नाही. ते माझ्या हातून लिहिलं जाणार नाही, आणि मी आत जाऊन मतदान यंत्राचा कुठला खटका ओढतो ते तू विचारू नकोस. पट्टी अजूनही जास्त आहे. गोठा अजूनही रिकामा आहे.

मतदान संपलं की बूट तिथून काढ आणि त्या पोरीला दे. मी दिला तर तिची आई शेरीफला बोलावेल, आणि तिचं काही चुकणार नाही.

मेरिट

*

शुक्रवार, १५ जून

मेरिट,

दार उघडलं नाही. पडद्याआडून बघितलं. पेटीपाशी तू मिनिटभर उभा होतास आणि पेटीचं कडी नसलेलं झाकण दोनदा लावलंस. ते लागत नाही. सहा वर्षं लागत नाही.

दोन नंबर मंजूर झाला. चारशे दोन विरुद्ध तीनशे एक्काहत्तर. दिवसभर जिममध्ये लोक येत होते ते चौरस्त्यावरून, आणि पहिलं वाक्य प्रत्येकाचं पाटीचं. एलाइझा शाफर मतदानाच्या पडद्यामागून बाहेर आली ती मला म्हणाली, “बघ, दिलं.” मी म्हटलं, “उपकार झाले.” ती अजून विचार करत असेल, मी तसं का म्हणाले.

तुझा खटका मी विचारत नाही. तू आत फार वेळ होतास, एवढं रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

आता आनंद कर असं सांगणार असशील तर थांब. गाड्या कारखान्यातून यायला नोव्हेंबर उजाडेल. मे महिन्यात होकार मिळाला असता तर शाळा उघडताना आल्या असत्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर पोरं सहा नंबरमध्ये तशीच कोंबून जाणार. हॅलेट साहेबांनी वर्तमानपत्राला सांगितलं की मुलांची सुरक्षितता हा त्यांचा नेहमीच ध्यास होता. मला परत घेण्याबद्दल मंडळ ऑगस्टमध्ये बोलणार आहे. पाट्यांचं विचारतील, माझं वय विचारतील. भोकाचं कुणी विचारणार नाही.

बूट मी बुधवारी रात्री मोजणी झाल्यावर खिळ्यावरून काढला आणि काल कोझलोंकडे नेला. धुऊन, पुसून. लॉरी पायरीवर बसली होती. बघताच मोजा न घालता पाय आत सारला. जाईना. टाच वरच राहिली. तिनं जीभ दाताखाली धरून ओढलं, मग तिच्या आईनं ओढलं, मग मी. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “दुखतंय.” आईनं बूट काढून घेतला आणि मला म्हणाली, “मार्चमध्ये बरोबर होता हो.” ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तीन महिने बूट तुझ्या खांबावर होता आणि मी गप्प होते. दोघांनी मिळून थांबवलेल्या सगळ्या गोष्टी थांबल्या. पाय तेवढा थांबला नाही.

या पाकिटाला मी तिकीट लावते आहे. राग अजून आहे. पंधरा सेंटांइतका तरी नक्की आहे. पेटीचं झाकण दुरुस्त करायला आलास तर हातोडा आण, माझा मोडलाय, पण बोलू नकोस.

बूट तिच्या आईनं मलाच परत दिला. तो आज सकाळी तुझ्या खांबावर होता तिथंच, होता तसा उलटा अडकवलाय. नवी बस समोरून जाईपर्यंत काढायचा नाही.

व्हर्ना